मोटारगाडीच्या पत्र्यावरील गंज

मोटारगाडीच्या पोलादी पत्र्यातील लोखंडाचा पाणी व ऑक्सिजन यांच्याशी संयोग होऊन जो तांबूस-तपकिरी, ठिसूळ थर तयार होतो, त्यास गंज असे म्हणतात. रासायनिकदृष्ट्या तो जलयुक्त फेरिक ऑक्साइड होय. हा थर मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे वरचा रंग फुगतो. तो सच्छिद्र असल्याने खालच्या धातूचे रक्षण करीत नाही व गंज आत पसरत राहतो. वरवरचा गंज घरच्या घरी काढता येतो. भार पेलणाऱ्या भागांचा गंज मात्र सुरक्षिततेशी निगडित असतो.

धाराशिव जिल्ह्यातील कारणे

कोकण किनारपट्टीवर हवेतील क्षारांमुळे गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया वेगाने घडते. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्हा समुद्रापासून दूर व अवर्षणप्रवण आहे. तेथे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. परंतु ओलावा धरून ठेवणारी काळी माती मडगार्डच्या आत व दारांच्या खालच्या कडांत साचल्यास पाऊस उघडल्यानंतरही पत्रा ओला राहतो. कच्च्या रस्त्यावरील खडीने रंगाचा टवका उडाल्यास तेथूनही गंजाला सुरुवात होते.

दुरुस्तीची पद्धत

प्रथम गाडी धुऊन पूर्ण वाळवतात. फुगलेला रंग खरवडून ८० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासतात. खळग्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लयुक्त द्रावण लावल्यास त्याचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर होते. पृष्ठभाग थिनरने पुसून इपॉक्सी प्रायमर देतात, आवश्यक तेथे लांबी भरतात व ती घासून सपाट करतात. त्यावर पुन्हा प्रायमर, मग रंगाचे पातळ हात व शेवटी लॅकर देतात. लांबी ओलावा शोषून घेते, म्हणून ती उघडी ठेवू नये. हे काम कोरड्या हवेत, मोकळ्या जागी, मुखपट्टी, चष्मा व हातमोजे वापरून करावे.

मर्यादा

चासी, सीट बेल्ट व सस्पेन्शनचे जोड आणि जॅक लावण्याची जागा हे भार पेलणारे भाग आहेत. टोकदार हत्याराने दाबल्यास तेथील पत्रा खचत असेल, तर लांबीने भोक झाकता येते, पण पत्र्याची ताकद परत येत नाही. अपघातात असा भाग दगा देऊ शकतो. कुजलेला तुकडा कापून नवा पत्रा जोडणे हे कुशल वेल्डरचे काम आहे. इंधनाच्या टाकीजवळ वेल्डिंग केल्यास आगीचा धोका असतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांपर्यंत वैध असते. नूतनीकरणापूर्वी वाहनाची तपासणी होते. एमएच-२५ या मालिकेतील जुन्या गाड्यांनाही हा नियम लागू आहे.

प्रतिबंध

पावसाळ्यानंतर गाडीचा खालचा भाग धुणे, दारांच्या तळाशी असलेली पाणी निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवणे आणि रंगाचा टवका उडताच तेथे प्रायमर व रंग लावणे, हे उपाय दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतात.