बंदूक कोणाच्या खांद्यावर?

“सर, लायसनचं पिस्तूल खिशात घालून जळगावच्या बाजारात फिरता येतं का?” वर्गात हा प्रश्न आला तेव्हा मी आधी कायदा सांगितला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकानेही सार्वजनिक जागी ती झाकूनच न्यावयाची, मिरवायची नाही. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचे आवार येथे खास परवानगीखेरीज ती नेता येत नाही. पण शस्त्र कोणाच्या हाती शोभते हे ठरविले कोणी, हा प्रश्न इतिहासाचा आहे. खानदेशाने तो सोसलेला आहे.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. नुसत्या बळाने भिल्ल नमेनात, म्हणून १८२५ मध्ये औट्रमने भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावी होते. तिरकमठा घेतलेला डोंगरातला भिल्ल दरोडेखोर ठरला आणि गणवेशातल्या भिल्लाच्या हाती, आपल्याच भाईबंदांवर रोखण्यासाठी, बंदूक आली. ती त्याची नव्हतीच, सरकारची होती. सरकारी चाकरीत घाट राखणारा खाज्या नाईक १८५७ च्या उठावात त्याच सरकारवर उलटला. १८५८ मध्ये अंबापाणीला भिल्लांनी लढाई दिली. पुढे १८७८ च्या हत्यार कायद्याने उघड रेघ ओढली : हिंदी माणसाला परवान्याची सक्ती, गोऱ्याला सूट.

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामतांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत करण्याची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. त्यांच्या उत्तरात ‘गुन्हेगार जमातीं’चाही दाखला आहे. तेथे मी अडखळतो, कारण तो शिक्का इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने माणसाच्या जन्मावरच मारला होता. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले. पण दुरुस्तीला केलेला विरोध मला पटतो. हक्क मोकळा झाला असता तर बंदूक आधी जमीनवाल्याच्या वाड्यात गेली असती, गावकुसाबाहेर नव्हे.

ही विषमता पुढे कायद्यानेच मान्य केली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांतला तिसरा नियम वाचा. जेथे अत्याचाराचे भय आहे तेथे दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्रपरवाने रद्द करून हत्यारे जमा करावीत, आणि गरज वाटल्यास दलित-आदिवासींना परवाने द्यावेत, असे तो सांगतो.

कार्यकर्त्यांनी हा नियम पाठ करावा. बंदूक मागण्यासाठी नव्हे. ती ज्यांच्या वाड्यात आहे त्यांच्याकडून काढून घ्या, असा अर्ज लेखी देता येतो, म्हणून.