अंबारखान्यातील वरी आणि चाळिशीनंतरची स्त्री

पन्हाळ्याच्या अंबारखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन कोठ्या आहेत. त्यांत भात, नागली आणि वरी साठवीत असत, असे सांगतात. १६६० च्या सिद्दी जौहरच्या वेढ्याचे वर्णन करताना या कोठ्यांच्या प्रचंडपणाचा उल्लेख हटकून होतो. त्यांतील धान्याचा पुढे बायकांच्या ताटात काय इतिहास झाला, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या कक्षेबाहेरचा मानला जातो. तो तसा नाही.

याच गडावर ताराबाईंची मधली वर्षे गेली. १७१४ साली सत्तांतर होऊन त्या कैदेत पडल्या तेव्हा त्यांचे वय ३९ होते. १७३० च्या वारणेकाठच्या लढाईनंतर त्या साताऱ्यास गेल्या तेव्हा ५५. म्हणजे स्त्रीच्या देहात सर्वांत मोठी उलथापालथ होण्याचा काळ त्यांनी बंदिवासात काढला. मुलाचा मृत्यूही त्यांना याच काळात पाहावा लागला. पुढे त्या वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगल्या. चरित्रांत या सोळा वर्षांचे राजकारण येते, देह येत नाही.

भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती सरासरीने ४६-४७ व्या वर्षी होते, पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा काही वर्षे आधी. इस्ट्रोजेन घटले की पहिल्या काही वर्षांत हाडे झपाट्याने विरळ होतात. पूर्वायुष्यात हाडांत साठलेली पुंजी या वेळी उपयोगी पडते, आणि ती आहारावर व श्रमांवर अवलंबून असते. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात जेमतेम दहाच्या आसपास. तरीही नाचणीची भाकरी गरिबीची खूण ठरली. घर सुस्थितीत आले की आधी ती ताटातून गेली आणि तिच्या जागी पांढरा भात आला. प्रतिष्ठेचा हा हिशेब घरातल्या सर्वांनी केला, पण त्याची किंमत चुकवायची पाळी बहुधा शेवटी जेवणारीवर आली.

वरीचे नशीब निराळे. वेढ्यात सैन्याला जगविणारे हे धान्य उपवासाला चालते म्हणून टिकले. पण तिथेही साबुदाण्याने तिला मागे सारले. साबुदाणा टॅपिओकाचा, म्हणजे निव्वळ पिष्ठाचा. त्याचे मूळ पीक दक्षिण अमेरिकेतले. बटाटा, शेंगदाणा आणि मिरचीही तिकडचीच. सनातन समजला जाणारा आपला फराळ असा बराचसा परदेशी आहे! चाळिशीनंतर व्रते कमी होण्याऐवजी वाढतात. संकष्टी, एकादशी, नवरात्र. म्हणजे ज्या वयात प्रथिने व कॅल्शियम अधिक हवे, त्याच वयात ताटात पिष्ठ आणि तूप वाढते.

श्रमांबद्दल बोलताना जात्याचे गोडवे गाण्याचा मोह होतो. गी प्वातवें व हेमा राईरकर यांनी संकलित केलेल्या लाखाहून अधिक ओव्या वाचल्या की तो ओसरतो. पहाटेचे ते दळण उपाशीपोटी होते, त्यास व्यायाम म्हणणे निर्दयपणाचे आहे. गिरणी आली, भार उतरला, हे चांगलेच झाले. त्या जागी चालण्याची, स्वतःच्या देहाला वेळ देण्याची सवड मात्र बाईला कोणी दिली नाही.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. डोंगरउतारावरची नाचणी त्या सुमारास शहरांत बिस्किटांच्या पुड्यांतून प्रतिष्ठित झाली. उपवासाला मात्र ती अजून सहसा चालत नाही.