नाणेघाटांतील रांजण

जुन्नराहून पश्चिमेकडे निघालें म्हणजे भातखाचरें व माळ ओलांडीत रस्ता सह्याद्रीच्या कडेशीं येऊन थांबतो. तेथें जमीन एकाएकीं तुटते व खालीं कोंकण दिसूं लागतें. त्या कडेच्या खिंडींतून जी वाट वैशाखऱ्याकडे उतरते ती नाणेघाटाची. आणि तिच्या माथ्यावर, येणाराजाणाराच्या नजरेस पडेल असा, अखंड दगडांतून कोरलेला एक मोठा रांजण उभा आहे. ज्या वाचकांनीं तो पाहिला असेल त्यांस त्याजविषयींची माहितीही तेथल्या तेथें मिळाली असेलच: हा जकातीचा रांजण, सातवाहनांच्या काळीं व्यापारी ह्यांत नाणीं टाकीत व मग पुढें जात, म्हणूनच हा नाणेघाट. आम्हांसही बालपणीं हेंच सांगण्यांत आलें होतें, आणि आंत एखादें नाणें उरलें आहे कीं काय हें डोकावून पाहण्याचा पोरकटपणा आम्हींही केला आहे. गेल्या हिवाळ्यांत घरांतील मुलांसह पुन्हां तेथें उभे राहिलों तेव्हां मात्र प्रश्न पडला कीं, राजमार्गाचें हें साधन प्रत्यक्ष चालत कसें असेल?

मार्ग लहानसहान नव्हता. कल्याण व सोपारा हीं बंदरें एका टोंकास, पैठण दुसऱ्या टोंकास, आणि मधला चढ हा. पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकाच्या 'पेरिप्लस' नामक वृत्तांतांत कल्याण व पैठण हीं दोन्ही नांवें आलेलीं आहेत. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. अशा वाटेवर राजा जकात घेत नसेल असें आमचें म्हणणें नाहीं. जकात असावी असेंच वाटतें.

परंतु जकात होती म्हणजे ती रांजणांतच पडत होती असें कसें ठरतें? कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' उघडून पाहावें. त्यांत 'वर्तनी' म्हणून वाटेचा कर सांगितला आहे व त्याचे दर निरनिराळे आहेत: मालाच्या गाडीस सव्वा पण, एका खुराच्या जनावरास एक पण, गुरास अर्धा, लहान जनावरास पाव, आणि खांद्यावरील ओझ्यास एक माष. हे नियम ह्या घाटांत जसेच्या तसे चालत होते असें नव्हे. पण कर घेणाराची दृष्टि त्यांतून दिसते. तो बैल मोजतो, ओझें पाहतो, आणि कोणी काय दिलें ह्याची नोंद ठेवतो. रांजणांत सर्वांचें नाणें एक होऊन जातें. कोणीं दिलें व कोणीं चुकविलें हें समजण्यास मार्ग राहत नाहीं. एवढ्या रुंद उघड्या तोंडाचा गल्ला कोणता वाणी आपल्या दुकानाच्या पायरीवर ठेवील? मग सातवाहनांचा अधिकारी तो रानांतील खिंडींत ठेवील हें पटत नाहीं.

नांवाचा आधारही लंगडा आहे. घाटांतील लेण्यांत सातकर्णीची राणी नागनिका हिच्या काळचा जो मोठा ब्राह्मी लेख आहे, त्यांत अश्वमेधादि यज्ञ, दक्षिणेंत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती ह्यांची लांबलचक यादी आहे. नाण्यांचा उल्लेख आहे, पण तेथें शब्द 'काहापण' असा आहे. 'नाणें' हा नाहीं. कर्नल साइक्स ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हा लेख विद्वानांपुढें आणला, भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर ह्यांनीं तो वाचला. त्यांत जकातीची गोष्ट कोठेंही निघाली नाहीं.

जें निघतें तें पाण्याविषयीं. लेण्याच्या आसपास कातळांत खोदलेलीं टाकीं आहेत, आणि सोपाऱ्याच्या गोविंददासानें येथें टाकें दान दिल्याचा एक लहानसा लेखही आहे. ज्यानें घाट चढतांना तहान सोसली त्यानेंच तें खोदविलें असावें. जुन्नरच्या लेण्यांत धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व त्याबरोबर 'पोढि' म्हणजे पाण्याचें टाकें दिलें. नहपानाचा अमात्य अयम ह्याच्या दानांतही पोढि आहे. आणि त्याच नहपानाचा जावई उषवदात नाशिकच्या लेखांत सांगतो कीं, आपण नद्यांवर फुकट तरी चालू केल्या व दोहों तीरांवर प्रपा, म्हणजे पाणपोया, बांधल्या. वाटसरूंची सोय हें पुण्यकर्म म्हणून दगडांत कोरून ठेवण्याची ह्या प्रांताची रीतच होती.

तेव्हां आमचा कल रांजण पाण्याचा मानण्याकडे आहे. टाकीं जवळच असतां रांजण कशास, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर ज्यानें हा घाट उन्हांत चढून पाहिला आहे तोच देईल: माथ्यावर पाऊल पडतें तेव्हां टाक्यांत वांकून पाणी काढण्याचें त्राण उरत नाहीं, भरलेलें भांडें वाटेवरच हवें असतें. अर्थात् हा तर्क आहे, शिलालेख नव्हे. पण जकातीची कथाही तर्कच आहे. ती सिद्ध गोष्टीप्रमाणें सांगितली जाते एवढाच फरक.

कथा रुळण्यास अवकाशही मिळाला. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, १८६३ त त्या घाटांतून आगगाडी धांवूं लागली, आणि ह्या वाटेवरील बैलांचे तांडे ओसरत गेले. लेण्यांतील मूर्तींची गत तर त्याहूनही वाईट. सिमुक सातवाहन, सातकर्णी, नागनिका, राजकुमार ह्यांच्या प्रतिमा मागील भिंतीवर होत्या; आज वर कोरलेलीं नांवें व खालीं पावलांच्या खुणा एवढेंच शिल्लक आहे. रांजण धडका राहिला, पण त्याच्यावर मात्र कोणीं अक्षर कोरलें नाहीं.

परततांना बरोबरच्या मुलानें वही काढून विचारलें कीं, शाळेंत दाखविण्यासाठीं चित्राखालीं काय लिहूं? 'जकातीचा' हा शब्द त्यानें अगोदरच लिहिला होता. आम्हीं तो खोडावयास लाविला व 'दगडी रांजण, नाणेघाट' एवढेंच लिहविलें. तो नाखूष झाला. वाटेंत दोन वेळां त्यानें, मग पाणी रोज भरीत कोण असे, म्हणून विचारलें.