पायाला बांधलेली चिठ्ठी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२१च्या डिसेंबरात सांगलीच्या मार्केट यार्डात गवा शिरला होता, हे तुम्हाला आठवत असेल. हळदीच्या आणि बेदाण्याच्या पेठेत रानातला एवढा थोरला जीव! माणसं मोबाइल घेऊन धावली. तेव्हा मला आठवला तो मुंबईचा गवा. लहानपणी वडिलांनी मुंबईला नेलं, तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, काचेमागे उभा असलेला. मी काचेला नाक लावून त्याच्या डोळ्यांत बघत होतो. वडील म्हणाले, "चल, तो काही पापणी हलवणार नाही."

मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए. प्राणिशास्त्राशी माझा संबंध अकरावीत बेडूक फाडला तेवढाच. पण ही भरलेली जनावरं आली कुठून, ती गोळा कुणी केली, हा प्रश्न त्या दिवसापासून मागे लागला तो लागलाच.

त्याचं उत्तर मुंबईतल्याच एका संस्थेत सापडतं. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात, आज ज्याला आपण भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो तिथे, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. आठांतले सहा साहेब, दोघे आपले : डॉ. सखाराम अर्जुन आणि डॉ. आत्माराम पांडुरंग. हे आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे बंधू. एका भावानं शब्दांच्या जाती लावल्या, दुसरा प्राण्यांच्या जाती लावणाऱ्यांत जाऊन बसला. मला हे फार आवडतं.

पण त्याही आधी आपल्या दख्खनची जनावरं विलायतेला पोचली होती. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. त्यानं १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली. माणदेशात, जतच्या माळावर मेंढरांमागे फिरणाऱ्या लांडग्याचं 'पॅलिपीस' हे शास्त्रीय नाव त्या यादीतलं. कोळसुंद्याला त्यानं नाव दिलं 'दुखुनेन्सिस', म्हणजे दख्खनचा. पुढे कळलं, की पॅलस नावाच्या शास्त्रज्ञानं या रानकुत्र्याला वीस वर्षं आधीच नाव देऊन ठेवलं होतं. तेव्हा साइक्सचं नाव उपजातीपुरतं उरलं. पण उरलं हेही काही कमी नाही. आमच्या घरात बोलतात ती दखनी. माझ्या बोलीचं आणि कोळसुंद्याचं आडनाव एकच, हे कळलं तेव्हा मी घरी सगळ्यांना सांगत सुटलो. बायको म्हणाली, "भांडतानाही तुम्ही तसेच!"

सोसायटीचा खरा मोठा उद्योग १९११ मध्ये सुरू झाला. तेव्हाचे मानद सचिव मिलार्ड. पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन आलेल्या लहानग्या सालिम अलींना ज्यांनी पक्ष्यांचे खण उघडून दाखवले, तेच हे मिलार्ड. भारतातल्या सस्तन प्राण्यांची रीतसर पाहणी करायची असं त्यांनी ठरवलं आणि त्यासाठी वर्गणी जमवली. क्रम्प नावाच्या संग्राहकानं खानदेशापासून सुरुवात केली. मध्ये महायुद्ध आलं, काम रखडलं, तरी १९२३ पर्यंत सुमारे पंचवीस हजार नमुने जमले.

पंचवीस हजार म्हटल्यावर वाघ-बिबटे डोळ्यांपुढे आणू नका. त्यातले बहुतेक उंदीर, चिचुंद्र्या, वटवाघळं. जनावर हाती आलं की आधी मोजायचं, कारण सोललेलं कातडं ताणलं जातं आणि मग माप खोटं ठरतं. धड, शेपूट, मागचा पंजा, कान. मग कातडं सोलून, त्याला औषध लावून कापूस भरायचा. कवटी वेगळी साफ करायची. आणि पायाला चिठ्ठी बांधायची : गाव, तारीख, नर की मादी, मापं, संग्राहकाचं नाव. जाणकार सांगतात, चिठ्ठी हरवली तर कातड्याला किंमत नाही. उलट चिठ्ठी असेल, तर शंभर वर्षांपूर्वी कुठल्या गावाशिवारात काय नांदत होतं याचा तो पुरावा.

नमुने आधी लंडनच्या संग्रहालयात जात. तिथे ऑल्डफील्ड थॉमस आणि निवृत्त वनाधिकारी रॉटन ते तपासत. आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळ बारापेडेची गुहा आहे. तिथे सोसायटीच्या प्रेटर यांना एक मोठ्या कानांचं वटवाघूळ मिळालं. थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याला नाव दिलं रॉटनचं! पुढे कित्येक वर्षं, साऱ्या जगात हा प्राणी या एका गुहेतच राहतो, असं मानलं जात होतं. अलीकडे तो मेघालयात आणि कंबोडियातही सापडला.

आणखी एक वटवाघूळ आहे. १९४८ मध्ये हटन यांनी ते तमिळनाडूच्या डोंगरात पकडलं. सोसायटीच्या खणात ते साध्या फळखाऊ वटवाघळाच्या नावाखाली चोवीस वर्षं पडून होतं. १९७२ मध्ये थाई शास्त्रज्ञ थोंगलोंग्या यांनी खण उघडला आणि ही जात निराळीच आहे हे ओळखलं. त्याला सालिम अलींचं नाव मिळालं. चिठ्ठीवरचं नाव चुकीचं होतं. पण गाव आणि तारीख बरोबर होती, म्हणून ते वाचलं.

आता माझं एक गाऱ्हाणं. माझे आजोबा पाटणकडच्या रानात साहेबांच्या शिकारीला हाकारी म्हणून जायचे. अक्षरशत्रू माणूस, पण लेंडी बघून भेकर की पिसोरी सांगायचा, साळिंदराची वाट अंधारात ओळखायचा. अशी माणसं नसती तर त्या काळच्या साहेबांना रानात काय सापडलं असतं? चिठ्ठीवर संग्राहकाचं नाव असतं. फासे लावणाऱ्याला, बीळ दाखवणाऱ्याला त्यात जागा नाही. चिठ्ठीच बोटभर, हे मलाही कळतं. तरी खुपतं.

आमच्या जुन्या घरात सांबराचं एक शिंग होतं. खुंटी म्हणून भिंतीत ठोकलेलं. त्यावर आजोबांची टोपी आणि आमची दप्तरं लटकायची. ते कुठल्या रानातलं, कुठल्या सालचं, हे आजोबांना नक्की ठाऊक असणार. आम्ही कधी विचारलं नाही. घर पाडलं त्या वेळी ते मातीबरोबर गेलं.