सौंदड : रस्ता, रूळ आणि पाणी

मुंबई–कोलकाता महामार्गाने साकोली सोडून पूर्वेस निघालात की सौंदड लागते. गोंदिया–बल्लारशा रेल्वेचेही हे स्थानक. पण या झाडीपट्टीतली गावे ओळखायची ती पाण्यावरून. कोहळी शेतकऱ्यांनी इथे तलाव नि बोड्या बांधल्या, त्यांवर धान पिकले. मालगुजार खर्च करी, रयत पाळीवर राबे. १९५१ साली मालगुजारी गेली. ते योग्यच झाले. पण तलाव सरकारजमा झाले आणि गाळ काढायचा कुणी, हा प्रश्न मागे उरला. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा निघाला, तरी प्रश्न तोच. दिवाळीनंतर मंडईच्या नाटकाला सारा गाव रात्रभर जागतो. मग एक दिवस तलावाच्या पाळीवर का जमू नये?