कैद्यांवर कैद्यांचाच पहारा

20 मे 1940 रोजी साक्सेनहाउसेनच्या छळछावणीतून 30 जर्मन कैदी आउश्वित्झला आणले गेले. छावणी अजून धड उभीही राहिली नव्हती. हे गुन्हेगारीबद्दल पकडलेले कैदी होते, छातीवर हिरवा त्रिकोण असलेले. त्यांना 1 ते 30 क्रमांक मिळाले. 14 जूनला तार्नुव्ह शहरातून 728 पोलिश कैद्यांची पहिली गाडी आली, तेव्हा एसएसच्या शिपायांबरोबर हेही काठ्या घेऊन हजर होते. म्हणजे कैद्यांच्या आधी त्यांचे मुकादम आले!

हेच ते 'कापो'. कामाच्या टोळीवर कापो, बराकीवर बराकप्रमुख, सगळ्यांवर छावणीप्रमुख, आणि हे सारे कैदीच. मूठभर एसएसवाल्यांना हजारो माणसे हाकायची होती. ते काम कैद्यांकडूनच करून घेतले गेले. मोबदला काय, तर झोपायला बरी जागा, थोडे जास्त अन्न आणि स्वतःच्या पाठीवरचे फटके टळणे.

यातली खरी मेख हिमलरने जून 1944 मध्ये सेनाधिकाऱ्यांसमोर उघड सांगितली. कापोचे काम पसंत पडले नाही की त्याचे पद काढायचे आणि त्याला इतरांत झोपायला पाठवायचे. पहिल्याच रात्री ते आपल्याला मारून टाकतील, हे त्याला पक्के ठाऊक असते. मॉनिटरच्या हाती छडी दिली की तो मास्तरांपेक्षा जोरात मारतो, हे आम्ही शिक्षक जाणतो. इथे मात्र छडी खाली ठेवणे जिवावर बेतणारे होते.

सूप वाढणाऱ्याचा हात किती खोल जातो, यावर माणूस किती दिवस जगणार हे ठरे. वर नुसते पाणी, बटाटा तळाशी. ज्याच्या वाट्याला रोज वरचेच पाणी आले, तो काही आठवड्यांत हाडांचा सापळा होई. मार चुकवण्याचीही शुद्ध उरत नसे. अशा कैद्याला छावणीच्या बोलीत 'मुझेलमान' म्हणत, म्हणजे जर्मन भाषेत मुसलमान! त्यांची वाकलेली शरीरे पाहून सजदा आठवला असावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

पण सगळ्याच हिरव्या त्रिकोणवाल्यांना एका मापाने मोजता येत नाही. क्रमांक 2 चा ओटो क्यूझेल कामाचे वाटप पाही. अशक्त कैद्यांना तो हलक्या कामाला लावी, आणि डिसेंबर 1942 मध्ये तर तीन पोलिश कैद्यांसह तो स्वतःच पळाला. बुखेनवाल्डमध्ये राजकीय कैद्यांनी गुन्हेगारांकडून ही पदे हिसकावली आणि शेकडो मुलांना वाचवले. त्यासाठी यादीतली नावे बदलावी लागत. एकाचे नाव काढले की दुसऱ्याचे घालावे लागे. तो दुसरा कोण, हेही कैद्यानेच ठरवायचे.

युद्धानंतर हा हिशेब न्यायालयापुढे आला. नाझी व त्यांच्या साथीदारांना शिक्षा देणारा कायदा इस्राएलने 1950 मध्ये केला. 1961 मध्ये आइखमनवर खटला चालला तो याच कायद्याखाली, पण त्याआधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले ते छावण्यांतून वाचलेले ज्यू कापो. त्यांतल्या एकाला 1952 मध्ये फाशी सुनावण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून दोन वर्षांची कैद दिली.