धूर बघायला ठेवलेला माणूस

लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये पश्चिमेच्या मोठ्या दरवाज्यातून आत गेलं की फरशीत एक कोरीव दगड बसवलेला दिसतो. दिसतो म्हणजे, खाली बघितलं तर. येणारा प्रत्येक जण घुमटाकडे मान वर करून चालत असतो, त्यामुळे दगड बिचारा पायदळीच जातो. मुलीकडे गेलो होतो तेव्हा मी मात्र तिथे जावईबापू कंटाळेपर्यंत उभा राहिलो. दुसऱ्या महायुद्धात रात्र रात्र जागून या इमारतीला आगीपासून वाचवणाऱ्या पहारेकऱ्यांची ती आठवण आहे. जन्मभर मुंबईत आगीच्या वर्दीवर धावलेल्या माणसाने त्यावर पाय ठेवून पुढे जायचं कसं?

या पहाऱ्याचं नाव ‘सेंट पॉल्स वॉच’. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये तो पहिल्यांदा उभा राहिला आणि 1939 मध्ये पुन्हा. प्रमुख होते कॅथेड्रलच्या वास्तूची देखभाल करणारे गॉडफ्रे ॲलन. त्यांनी पहिलं शहाणपण केलं ते माणसं निवडताना. धट्टीकट्टी तरुण पोरं तर सगळी लढाईवर गेलेली. ॲलन यांनी वास्तुविशारद गोळा केले, पन्नाशी-साठीचेसुद्धा. नकाशा वाचता येणारा माणूस अंधारात जिना चुकत नाही. आणि त्या इमारतीचं पोट म्हणजे निव्वळ चकवा आहे: आतला घुमट वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये विटांचा शंकू, आणि बाहेरचं शिशाचं कवच तोलून धरणारा लाकडी सांगाडा. आग लागली तर ती याच पोकळीत लागणार आणि बाहेरून दिसेपर्यंत सगळं संपलेलं असणार.

दुसरं शहाणपण मला त्याहून मोठं वाटतं. नळाचं पाणी ऐन वेळी जाणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. म्हणून टाक्या, बादल्या, चक्क अंघोळीचे टब भरून जागोजागी मांडले. आमच्या खात्यात नवीन पोराला होज जोडायला शिकवतात. होजमध्ये पाणीच आलं नाही तर काय करायचं, हे तो पुढे स्वतःच्या जिवावर शिकतो.

29 डिसेंबर 1940. नाताळनंतरचा रविवार, संध्याकाळी सहा वाजून गेलेले. जर्मन विमानांनी शहराच्या जुन्या भागावर आगलावे बॉम्ब ओतायला सुरुवात केली. एकेक बॉम्ब जेमतेम किलोभराचा, वीत-दीड वीत लांब, अंग मॅग्नेशियमचं. हा बॉम्ब इमारत पाडत नाही. छपरावर पडून जळत राहतो. पहिल्या एक-दोन मिनिटांत कुणी वाळूची पिशवी टाकली, तर खेळ खलास. कुणी नसेल तर कौलं, मग वासे, मग मजला. त्यावर बादलीभर पाणी एकदम ओतलं तर तो उलट फुटून अंगावर उडतो, म्हणून पायात धरून चालवायच्या छोट्या पंपाने फवारा मारायचा. हे ठाऊक असलेला माणूस बॉम्ब पडेल तेव्हा छपरावर हजर हवा, एवढीच काय ती अट.

त्या रात्री मुख्य जलवाहिनी फुटली. थेम्सला नेमकी मोठी ओहोटी होती. जवान चिखलातून होज ओढत पाण्यापर्यंत पोचायची धडपड करत होते. चर्चिल यांनी सेंट पॉल काहीही करून वाचवा असा निरोप धाडला, असं सांगतात. निरोपाने आग विझत नाही, पण असो. एक बॉम्ब घुमटाच्या शिशात अर्धवट रुतला. शिसं वितळू लागलं. खाली तो लाकडी सांगाडा. बॉम्ब आत पडला असता तर पुढचं सांगायला नको. तो बाहेरच्या बाजूला, खालच्या सज्जावर पडला आणि पहारेकऱ्यांनी तिथेच विझवला. याला नशीब म्हणा. पण बाकीचे जे बॉम्ब छपरांवर आणि आवारात पडले, ते नशिबाने विझले नाहीत. ते माणसांनी टबातल्या पाण्याने आणि वाळूने विझवले.

कॅथेड्रलला अगदी लागून उत्तरेला पॅटरनॉस्टर रो ही पुस्तकवाल्यांची गल्ली होती. प्रकाशकांच्या कचेऱ्या, गोदामं, पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. रविवार असल्यामुळे दारांना कुलपं, किल्ल्या मालकांच्या खिशात आणि मालक उपनगरात आपापल्या घरी. तिथेही तेच किलोभराचे बॉम्ब पडले. लाखो पुस्तकं एका रात्रीत जळाली, गल्ली बेचिराख झाली. भिंतीला भिंत म्हणावी इतकी जवळीक, पाणी दोन्हीकडे सारखंच गेलेलं. फरक एवढाच, की एका छपरावर माणसं होती आणि दुसऱ्याला कुलूप होतं. थोड्या अंतरावरचं गिल्डहॉल हे ऐतिहासिक सभागृह तर शेजारच्या सेंट लॉरेन्स ज्यूरी चर्चला लागलेल्या आगीच्या ठिणग्यांनी पेटलं.

मोठ्या कचेऱ्यांनी पहारेकरी ठेवावेत, असा हुकूम सप्टेंबरमध्येच निघालेला होता. पण छोट्या जागांना तो लागू नव्हता आणि मोठ्यांनी कागदोपत्री निभावलं. आपल्याकडच्यासारखंच तिकडेही! या रात्रीनंतर मात्र गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी सक्ती केली: 16 ते 60 वयाच्या पुरुषांना महिन्याला 48 तासांपर्यंत आगीचा पहारा. पुढे 1942 मध्ये बायकाही त्यात आल्या.

ही कल्पना काही इंग्रजांची नव्हे. सम्राट ऑगस्टसने इ.स. 6 मध्ये रोमसाठी सात तुकड्या उभ्या केल्या होत्या. प्रत्येक तुकडीकडे शहराचे दोन विभाग आणि भरती मुख्यतः गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची. रोमन कायद्याच्या ग्रंथात त्यांच्या प्रमुखाची कामं लिहिलेली आहेत: रात्रभर पायात जोडे घालून, आकडे आणि कुऱ्हाडी घेऊन हिंडावं, आणि प्रत्येक भाडेकरूने वरच्या खोलीत पाणी भरून ठेवलं आहे ना ते बघावं. निष्काळजी भाडेकरूला फटके मारायचाही अधिकार होता. माझ्या नोकरीत हा अधिकार मला पुष्कळदा हवासा वाटला आहे.

आता मुंबई. 14 एप्रिल 1944, व्हिक्टोरिया डॉक, ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या. आमच्या खात्यात ही तारीख घोकून घेतात, कारण त्या दिवशी आमचे 66 जण गेले. त्यांच्यासाठीच दर वर्षी 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. भाषणं स्फोटाची होतात. मला मात्र त्याआधीचा दुपारचा तास खटकतो. साडेबारा-एकच्या सुमाराला शेजारच्या जहाजांवरच्या लोकांना दोन नंबरच्या खणाच्या हवाझडपेतून बारीक धूर येताना दिसला होता. त्यांनी तो पाहिला आणि सोडून दिला. ज्यांचं जहाज त्यांना ठाऊक असेलच, असं त्यांनी धरलं. हमाल जेवणाच्या सुट्टीवर होते. आरडाओरड झाली ती दोनच्या सुमाराला. मग 900 टनांहून जास्त पाणी त्या खणात ओतलं, आगीचा नेमका ठिकाणा काही सापडला नाही. 4 वाजून 6 मिनिटांनी जहाज फुटलं. डॉक गर्दीने भरलेला होता, डोळे हजारो होते. पण धूर दिसला तर धावत जाऊन सांगायचं, हे काम नेमून दिलेला एकही माणूस त्या वेळी तिथे नव्हता.

असा माणूस कधी नेमायचा, याचा हिशोब अमेरिकेत एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या नियमांत तासांत मांडलेला आहे. 24 तासांत फायर अलार्म चार तासांपेक्षा जास्त किंवा स्प्रिंकलर दहा तासांपेक्षा जास्त बंद राहणार असेल, तर एक तर इमारत रिकामी करा किंवा आगीचा पहारा बसवा. महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक अधिनियम अशी यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर टाकतो. परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. त्या दोन महिन्यांत पंप चालतात, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. मार्चमध्ये पंपाची मोटर रिवाइंडिंगला जाते, रायझर गळतो म्हणून व्हॉल्व्ह बंद करतात, पॅनल रात्री कोकलतं म्हणून कुणीतरी त्याचा आवाज दाबून टाकतं. मग सोसायटी एजन्सीकडून ‘एक माणूस’ मागवते.

परवा एका टॉवरमध्ये असा माणूस भेटला, साताऱ्याकडचा पोरगा. सोसायटीने त्याला गेटवर बसवून पार्सलं घ्यायला लावलं होतं. “पंप रूम कुठंय रे?” विचारलं तर म्हणाला, “साहेब, मला नाय दावली कुणी.” त्याला घेऊन वरून खाली उतरलो. प्रत्येक मजल्यावर डक्टचं दार उघडून वास घ्यायला, बंद दाराला तळहाताऐवजी हाताची मागची बाजू लावून बघायला, मीटर रूममध्ये कान द्यायला आणि वेळ टाकून वहीत सही करायला शिकवलं. वेल्डिंग चालू होतं त्या मजल्यावर काम संपल्यावरही तासभर थांबायला सांगितलं. पोरगं हुशार होतं, दुसऱ्या फेरीत मला सोबत जावं लागलं नाही.

तर सेक्रेटरीसाहेब, तुमच्या इमारतीचा पंप उद्या दुरुस्तीला जाणार असेल तर जवळच्या फायर स्टेशनला आधी कळवा, पहाऱ्याच्या माणसाला सगळ्या किल्ल्या आणि चार्ज असलेला फोन द्या, आणि पार्सलं घ्यायला दुसरा कुणीतरी बघा.